पाठीच्या मणक्यांमधील गादी व शेतकऱ्याची कंबर

ऐन लावणीच्या दिवसांत पाठींत उसण भरून घरचा कर्ता माणूस अंथरुणास खिळला, म्हणजे त्या घरचा हंगामच धोक्यांत येतो. मग कोणी ‘मणक्याची गादी सरकली’ असें सांगतो, कोणी शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नाहीं म्हणतो, आणि जमीन गहाण टाकून पैका उभा करण्याची भाषा सुरू होते. वस्तुतः अशा रोग्यांपैकीं बहुतेकांस शस्त्रक्रियेची गरजच पडत नाहीं. सबब या दुखण्याचें मूळ कशांत आहे व त्यावर काय करावें, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

गादीची रचना.—पाठीच्या कण्यांत हलणारे मणके २४ व त्यांना आधार देणाऱ्या गाद्या २३ असतात. गादीचें बाहेरील कडें चिवट तंतूंच्या थरांचें असून आंत मऊ, पाणीदार गर असतो. तरुणपणीं या गरांत सुमारें ८० टक्के पाणी असतें. वय वाढतें तसें तें घटून गादी चपटी व ताठर होते. गादीच्या आंतल्या भागांत रक्तवाहिन्या नसल्यामुळें तिला अन्नरस शेजारच्या मणक्यांतून पाझरूनच मिळतो, म्हणून तिची झीज लवकर भरून येत नाहीं.

दुखणें कसें उद्भवतें.—वाकून ओझें उचलतांना गादीची पुढील बाजू दाबली जाऊन गर मागें ढकलला जातो. कड्यास चीर पडली म्हणजे कमरेंत कळ येते. गर बाहेर येऊन नसेवर दाबला व तेथें दाह झाला, म्हणजे ती कळ कुल्ल्यांतून पोटरींत व पावलापर्यंत उतरते. हिलाच वैद्य गृध्रसी म्हणतात. कमरेच्या अगदीं खालच्या दोन गाद्यांत हा प्रकार विशेष आढळतो. हा संबंध बोस्टन येथील मिक्स्टर व बार या शल्यवैद्यांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केला. गादी सरकते हें मात्र खरें नव्हे. ती मणक्यांस घट्ट चिकटलेली असते, फुगते किंवा फाटते इतकेंच.

तसबिरीस भिऊं नये.—१९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांच्या एम. आर. आय. तसबिरी काढल्या असतां निम्म्याहून अधिकांच्या एखाद्या तरी गादीस फुगवटा आढळला. म्हणून फुगवटा दिसला कीं तोच रोग, असें समजूं नये.

शस्त्रक्रियेवांचून उपाय.—पहिला उपाय धीर. बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदां स्वतःच शोषून घेतें, व बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ उतरते. नॉर्वेंतील वेबर यांच्या १९८३ च्या अभ्यासांत शस्त्रक्रिया झालेले रोगी पहिल्या वर्षीं अधिक बरे दिसले. चार वर्षांनीं दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाहीं. विश्रांति एकदोन दिवसच घ्यावी. नंतर थोडें थोडें चालावें, नाहींतर स्नायू दुबळे होतात. शेक घ्यावा. वेदनाशामक गोळ्यांनीं जठर व मूत्रपिंड बिघडण्याचा संभव असल्यामुळें त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्याव्या. पाठीचे व पोटाचे व्यायाम जाणत्याकडून शिकावे. कळ असह्य झाल्यास मणक्यांत टोंचण्याच्या औषधानें कांहीं काळ आराम पडतो. पाठीवर पाय देऊन मणका ‘बसवून’ घेण्याच्या फंदांत मात्र पडूं नये.

शेतांतील सावधगिरी.—ओझें गुडघे वाकवून, अंगाशीं धरून उचलावें; वळतांना कंबर न पिळतां पाय फिरवावे. खताचें ५० किलोचें पोतें दोघांनीं धरावें. रात्रीं गादी पाणी शोषून फुगलेली असते, म्हणून उठल्यावर पहिल्या तासांत वाकून करण्याचीं कामें टाळावीं. खुरपणींत मधून मधून उठून पाठ सरळ करावी. विडी ओढणें सोडावें, कारण धुरानें गादीचें पोषण घटतें.

धोक्याचीं लक्षणें.—लघवी तुंबणें किंवा नकळत होणें, बसण्याच्या जागीं बधिरता येणें, पाऊल लुळें पडणें, यांपैकीं कांहींही झाल्यास त्याच दिवशीं मोठें रुग्णालय गांठावें. येथें शस्त्रक्रियेस विलंब केल्यास कायमचें पंगुत्व येऊं शकतें. ताप व वजन घटणें असल्यास मणक्याच्या क्षयाची तपासणी करवावी.

हीं लक्षणें नसतील तर मात्र गहाणखतावर सही करण्यापूर्वीं निदान सहा आठवडे वरील उपायांस द्यावेत, एवढीच आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे.