सूर्यकिनाऱ्याचा जमाखर्च

स्पेनच्या दक्षिणेस, अंदालुसियातील मालागा परगण्यात भूमध्य समुद्राला लागून जो किनारा पसरलेला आहे, त्याला तेथील भाषेत 'कोस्ता देल सोल', म्हणजे 'सूर्याचा किनारा', असे म्हणतात. पूर्वेस नेर्हा, मधोमध मालागा शहर आणि पश्चिमेकडे तोरेमोलिनोस, बेनालमादेना, फुएन्हिरोला, मिहास, मार्बेल्या व एस्तेपोना अशी गावांची माळ येथे गुंफलेली आहे. उत्तरेकडील डोंगरांमुळे थंड वारे अडतात, जानेवारीतही सरासरी तापमान १२ अंशांच्या आसपास राहते आणि वर्षातील सुमारे ३०० दिवस ऊन पडते अशी या प्रदेशाची ख्याती आहे. वर्षातील कित्येक महिने ढगाखाली काढणाऱ्या ब्रिटन, जर्मनी, स्वीडन, फिनलंड या देशांतील माणसाला हे ऊन धनाहून मोलाचे वाटते. म्हणूनच आयुष्यभर नोकरी-व्यवसाय करून, उतारवयात घर विकून येथे स्थायिक होणाऱ्यांचा ओघ गेली सहा-सात दशके अखंड चालू आहे. मिहाससारख्या गावात तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रहिवासी परदेशी आहेत.

'तेथे ऊन फुकट आणि बाकी सर्व स्वस्त' ही या स्थलांतरामागची जुनी समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हे मात्र वही उघडून जमेची आणि नावेची अशा दोन्ही बाजू पाहिल्यावाचून कळत नाही.

कोळ्यांच्या वस्तीतून परदेशी वसाहतीकडे

या किनाऱ्यावर परदेशी माणूस आला तो प्रथम व्यापारासाठी. मालागाची द्राक्षे, मनुका आणि मद्य उत्तर युरोपात जात असत. एकोणिसाव्या शतकात येथे इंग्रज व्यापाऱ्यांची वस्ती एवढी वाढली की १८३१ मध्ये ब्रिटिश वकील विल्यम मार्क यांच्या प्रयत्नांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र दफनभूमी स्थापन झाली. तत्पूर्वी प्रॉटेस्टंट पंथीयांना कॅथलिक दफनभूमीत जागा नसल्याने त्यांचे मृतदेह रात्रीच्या वेळी समुद्राच्या वाळूत पुरावे लागत. परक्या भूमीत राहणे म्हणजे केवळ घरभाड्याचा प्रश्न नव्हे, शेवटच्या विसाव्याचाही प्रश्न आहे, याची ही जुनी खूण आजही मालागा शहरात पाहावयास मिळते.

खरा पालट झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यास. १९५४ मध्ये मार्बेल्या येथे राजपुत्र आल्फोन्सो फॉन होहेनलोहे यांनी 'मार्बेल्या क्लब' उघडला. १९५९ मध्ये तोरेमोलिनोस या कोळ्यांच्या गावात 'पेस एस्पादा' हे आलिशान हॉटेल उभे राहिले आणि त्याच वर्षी स्पेनने आर्थिक धोरण बदलून परकीय भांडवलाला दार मोकळे केले. स्वस्त विमानप्रवास सुरू होताच सुट्टीला येणारे लोक पुढे घरे घेऊ लागले. फुएन्हिरोलात आज फिनिश लोकांची शाळा आहे, त्यांची स्वतःची दुकाने आहेत. अनेक मोहल्ल्यांत स्पॅनिशचा एक शब्द न बोलता दिवस काढता येतो.

महिन्याचा हिशेब

भाड्याच्या दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या निवृत्त दांपत्याचा साध्या राहणीचा हिशेब अंदाजाने असा मांडता येतो. घरभाडे १२०० युरो, वीज-पाणी १५०, किराणा व भाजीपाला ४५०, दोघांचा खासगी आरोग्यविमा २५०, दूरध्वनी व इंटरनेट ५०, बस-रेल्वेचा प्रवास ६०, बाहेरचे जेवणखाण २०० आणि कपडे, औषधे, दुरुस्ती यांसाठी १५०. एकूण रक्कम २५१० युरो होते. २०२५ मध्ये युरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास गेला, त्या मानाने हा खर्च महिना अडीच लाख रुपयांच्या घरात जातो. स्वतःचे घर असल्यास भाडे वाचते. परंतु नगरपालिकेचा घरकर, इमारतीच्या सामायिक खर्चाची वर्गणी, घराचा विमा आणि देखभाल मिळून महिना २५० युरो धरले, तरी आकडा साडेपंधराशेच्या वरच राहतो.

यांत स्वस्ताई दिसते ती रोजच्या जिनसांत. पाव, दूध, फळे, भाजीपाला यांवर मूल्यवर्धित कर अवघा ४ टक्के आहे, तर सर्वसाधारण वस्तूंवर तो २१ टक्के आहे. संत्री, बदाम, अंजीर, ऑलिव्हचे तेल ही याच मातीतली उत्पन्ने असल्याने ताजी मिळतात. मालागाच्या पूर्वेकडील आशार्किया भागात तर आंबा आणि अव्होकाडोच्याही बागा आहेत. कॉफीचा पेला दीड युरोच्या आसपास मिळतो. कामाच्या दिवशी दुपारी उपाहारगृहांत 'मेनू देल दिया' नावाचे ठरावीक दराचे पूर्ण जेवण बारा ते पंधरा युरोंत मिळते. मालागा ते फुएन्हिरोला किनाऱ्याच्या कडेने लोकल रेल्वे धावते, त्यामुळे मोटार नसली तरी अडत नाही.

महागाई लपलेली असते ती दुसरीकडे. येथील घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. फरशा थंड, भिंती पातळ आणि मध्यवर्ती उष्णतेची सोय बहुधा नाहीच. बाहेर ऊन असताना आत बोचरी ओल असते आणि जानेवारीत विजेचे बिल पाहून नवागत चकित होतो. ऑगस्टमध्ये भूप्रदेशाकडून 'तेराल' नावाचा भाजून काढणारा वारा सुटला की वातानुकूलन यंत्राला विश्रांती नसते.

पेन्शन एका चलनात, खर्च दुसऱ्यात

व्यापारी कुटुंबाला जी गोष्ट सांगावी लागत नाही, तीच अनेक निवृत्त परदेशीयांनी विचारात घेतली नाही. त्यांची जमा पौंडात होती आणि खर्च युरोत. २००७ च्या आरंभी हजार पौंडांचे जवळजवळ दीड हजार युरो मिळत. २००८ च्या अखेरीस, जागतिक मंदीच्या तडाख्यात, त्याच हजार पौंडांचे हजाराहून थोडेसेच अधिक युरो मिळू लागले. पेन्शन तीच, घर तेच, गरजाही त्याच. परंतु दोन वर्षांच्या आत उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा वितळून गेला. भाव पुढे सावरला, तोच जून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला आणि १३०० च्या आसपास असलेला आकडा वर्षभरात ११०० च्या जवळ उतरला. दोन्ही वेळा तग धरली ती ज्यांनी दीड-दोन वर्षांचा खर्च युरोत शिल्लक ठेवला होता त्यांनी. संपूर्ण पुंजी घरात गुंतवलेल्यांची मात्र कोंडी झाली, कारण २००८ नंतर स्पेनमधील घरांचे भावही कोसळले होते. घर विकावे तर तोटा, राहावे तर तूट.

घर घेताना

खरेदीची रीत भारतीय वाचकाला ओळखीची वाटेल. सौदा ठरला की 'आरास' नावाचा इसार द्यावा लागतो. तो सामान्यतः किमतीच्या दहा टक्के असतो. प्रचलित करारानुसार घेणाऱ्याने माघार घेतली तर इसार बुडतो आणि विकणाऱ्याने घेतली तर दुप्पट परत करावा लागतो. जुन्या घरावर अंदालुसियात ७ टक्के हस्तांतर कर आहे, नव्या बांधकामावर १० टक्के मूल्यवर्धित कर व शिवाय मुद्रांक शुल्क. नोंदणी, नोटरी व वकील यांचा खर्च धरून किमतीच्या दहा-बारा टक्के रक्कम हाताशी वेगळी असावी लागते. स्पेनचा रहिवासी नसलेल्या मालकाला घर रिकामे असले तरी काल्पनिक उत्पन्नावर दरवर्षी आयकर भरावा लागतो, ही बाब पुष्कळांना उशिरा कळते.

कागदपत्रांच्या तपासणीचे महत्त्व मार्बेल्याने शिकवले. तेथे १९९१ पासून पुढे बांधकाम परवान्यांची अशी खैरात झाली की हजारो घरे नियोजनाच्या नियमांबाहेर उभी राहिली. २००६ मध्ये 'ऑपरेशन मालाया' या तपासानंतर सरकारने नगरपालिकाच बरखास्त केली. ही घरे कायदेशीर करण्यासाठी २०१० मध्ये केलेला आराखडा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द ठरवला. नोटरीपुढे रीतसर खरेदीखत झालेल्या घरांवरही वर्षानुवर्षे संशयाची छाया राहिली. मालकी नोंदणी कार्यालयातील उतारा मालक आणि बोजा सांगतो. बांधकाम नियमानुसार आहे की नाही, हे नगरपालिकेत स्वतंत्रपणे विचारावे लागते.

परवाना आणि कर

युरोपीय संघाबाहेरील पाहुण्याला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. २०२१ पासून नव्याने येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांनाही हाच नियम लागू आहे. अधिक काळ राहण्यासाठी काम न करणाऱ्यांचा परवाना मिळतो. त्याकरिता एकट्यास महिना २४०० युरो आणि सोबतच्या प्रत्येक आप्तामागे ६०० युरो उत्पन्न दाखवावे लागते. म्हणजे दांपत्याला ३००० युरो. २०२३ पासून परदेशी कंपनीचे काम घरबसल्या करणाऱ्यांसाठी वेगळा परवाना सुरू झाला. पाच लाख युरोंचे घर घेतल्यास निवासाचा हक्क देणारी २०१३ ची 'सुवर्ण' योजना मात्र ३ एप्रिल २०२५ रोजी बंद झाली. तिच्या नावाने आजही कोणी दलाल घर विकू पाहत असेल तर सावध राहणे बरे.

वर्षात १८३ दिवसांहून अधिक वास्तव्य झाले की स्पेन त्या व्यक्तीच्या जगभरातील उत्पन्नावर कर मागू शकतो. परदेशातील ठेवी, रोखे किंवा स्थावर यांपैकी कोणताही गट ५०,००० युरोंच्या वर गेला की त्याचे विवरण द्यावे लागते. भारतातून पैसा नेणाऱ्याला रिझर्व्ह बँकेची माणशी वार्षिक अडीच लाख डॉलरची मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

शाकाहारी स्वयंपाकघर

भारतीय माणूस या भागाला अगदीच नवखा नाही. शेजारच्या जिब्राल्टरमध्ये सिंधी व्यापाऱ्यांच्या पेढ्या एकोणिसाव्या शतकापासून आहेत आणि तेथे हिंदू मंदिरही आहे. बेनालमादेना येथे २००३ मध्ये उभारलेला ३३ मीटर उंचीचा बौद्ध स्तूप भारतीय पाहुण्याला अनपेक्षित आनंद देतो. परंतु शाकाहारी कुटुंबाला, विशेषतः कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांना, उपाहारगृहावर विसंबता येत नाही. थंड गाझपाचो सूपात लसूण, बदामाच्या 'आहोब्लांको'त लसूण, बटाट्याच्या 'तोर्तिया'त अंडे, नाताळच्या 'मांतेकादो' मिठाईत डुकराची चरबी अशी स्थिती आहे. चीज विरजण्यासाठीही पुष्कळदा प्राणिज पदार्थ वापरतात. घरी रांधणाऱ्याला मात्र हरभरे, मसूर, पालक, तेल, सुका मेवा यांची ददात नाही. उन्हाळ्यात सूर्य साडेनऊनंतर मावळतो, तेव्हा सूर्यास्तापूर्वीचे भोजन सहज साधते; पण बाहेर रात्रीचे जेवण मिळू लागते तेच साडेआठच्या पुढे.

उतारवयाचा प्रश्न

साठाव्या वर्षी ऊन पुरते, ऐंशीव्या वर्षी माणूस लागतो. स्पेनमधील सार्वजनिक रुग्णालये उत्तम आहेत. एक वर्ष नोंदणीकृत वास्तव्य झाल्यावर दरमहा वर्गणी भरून, म्हणजे ६५ वर्षांखालील व्यक्तीस ६० युरो व त्यापुढील व्यक्तीस १५७ युरो देऊन, या सेवेत सामील होता येते. परंतु स्पॅनिश समाज कुटुंबवत्सल आहे. रुग्णाच्या उशाशी मुलगी, सून, बहीण, भाऊ कोणीतरी बसणार, भरवणार, रात्री सोबत करणार हे तेथे गृहीत धरलेले असते. ज्या परदेशी वृद्धाचा जोडीदार निवर्तला आहे, मुले हजारो किलोमीटर दूर आहेत आणि वीस वर्षे राहूनही भाषा शिकण्याची गरज भासली नाही, त्याच्या खाटेशेजारची खुर्ची रिकामी राहते. अनेक जण अशा वेळी मायदेशी परततात. पण तेथील घर पूर्वीच विकलेले असते आणि भाव आवाक्याबाहेर गेलेले असतात.

स्थानिकांची बाजू

या व्यवहाराला तिसरा पक्षही आहे. परदेशी पैसा आणि पर्यटकांना दिवसाच्या बोलीने दिलेली घरे यांमुळे मालागातील तरुणांना आपल्याच गावात भाडे परवडेनासे झाले. तेथील शिक्षक, परिचारिका, हॉटेलातला वाढपी यांचा निम्मा पगार छपरापायी जातो. जून २०२४ मध्ये मालागाच्या रस्त्यांवर हजारो नागरिक घराच्या हक्कासाठी उतरले. एप्रिल २०२५ पासून नवे पर्यटक-निवास सुरू करण्यास इमारतीतील तीन-पंचमांश मालकांची संमती बंधनकारक झाली आहे. २०२३-२४ च्या अवर्षणात पाण्याची टंचाई आली, तेव्हा पोहण्याचे तलाव भरण्यावरही निर्बंध घालावे लागले. ज्या किनाऱ्यावर राहावयाचे तेथल्या माणसाच्या ताटातले आपण काही कमी तर करत नाही ना, हा विचार सुज्ञ रहिवाशाने करावा अशी ही परिस्थिती आहे.

तेव्हा या किनाऱ्यावर जाऊ इच्छिणाऱ्याने प्रथम एक हिवाळा भाड्याने राहून पाहावे, घर घेण्याआधी वर्षभर थांबावे, मायदेशातील छप्पर शक्यतो मोडू नये, दोन वर्षांचा खर्च तेथील चलनात बाजूस ठेवावा आणि भाषा पहिल्या दिवसापासून शिकावी, हे तेथे मुरलेल्यांचे सांगणे आहे. या पाचांपैकी चार गोष्टी पैशाच्या आहेत. पाचवीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. परंतु शेजारणीने आजारपणात दार ठोठवावे, औषधवाल्याने नावाने हाक मारावी, ही जमा त्या एका गोष्टीतूनच होत असते. तेवढे साधले तर बाकीची तूट भरून काढता येते.