फोडांचा आजार आणि रुग्णाचा डबा

सोयाबीनची काढणी चालू असतानाच आमच्या खालांच्या तोंडात फोड आले. सेनगावात सगळ्यांचे निदान एकच : उष्णता. सब्जा झाला, गुलकंद झाला, जिभेला तूप लावून झाले. दीड महिन्याने पाठीवर आणि छातीवर पाण्याचे फोड उठले, फुटले आणि खालची कातडी भाजल्यासारखी लाल, उघडी पडली. तेव्हा कुठे आम्ही त्यांना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेले. आजाराचे नाव कळले, पेम्फिगस.

शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच यात चुकते. कातडीच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारी डेस्मोग्लीन नावाची प्रथिने असतात, त्यांच्यावरच ती हल्ला करते. सांधा सुटतो, मधे पाणी भरते, फोड येतो. पुष्कळ रुग्णांत सुरुवात तोंडातूनच होते. याचाच एक भाऊबंद पेम्फिगॉइड. तो बहुधा म्हातारपणी होतो, त्यात खाज फार असते, पण तोंड बहुतेक वेळा वाचते. दोन्हीही संसर्गाने पसरत नाहीत. हे मुद्दाम लिहितो, कारण खालांना भेटायला आलेल्या काही जणी दारातूनच सलाम करून परतल्या होत्या.

१९५०च्या दशकात स्टेरॉइड हाती येण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरीचा यांनी महिन्यातून तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइडचा मोठा डोस देण्याची पद्धत रूढ केली, ती देशभर वापरली गेली. आता रिटुक्सिमॅबसारखी इंजेक्शनेही आहेत. औषधाचे काम डॉक्टरांचे. पण डबा आपल्या हातात असतो, आणि आम्ही तिथेच चुकलो.

रुग्णालयातून मिळणारे ताट चांगले होते, पण ते सगळ्यांसाठी सारखेच. चपाती, तिखट भाजी, आमटी. खालांच्या तोंडात घास ठेवला की डोळ्यांतून पाणी यायचे. "बेटा, गले से उतरता नै," एवढेच त्या म्हणत. ताट भरलेले यायचे आणि भरलेलेच परत जायचे. वाढणाऱ्याने विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. आम्ही घरून यखनी नेऊ लागलो. हाडे तासन् तास उकळून, गाळून, स्वच्छ पाण्यासारखी. आम्हाला वाटे, सगळी ताकद यात उतरली.

दहाव्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंनी थर्मास उघडून पाहिला आणि विचारले, "यातलं मटण कुठंय?" मटण घरी मुलांनी खाल्ले होते. गाळलेल्या यखनीत चव आणि मीठ पुष्कळ, प्रथिने मात्र थोडी. खरी प्रथिने त्या शिजलेल्या बोटीतच राहतात. उघड्या पडलेल्या कातडीतून रोज पाण्याबरोबर प्रथिनेही झिरपून जातात, भाजलेल्या माणसाच्या जातात तशीच. खालांच्या पायांवर सूज आली होती, चेहरा गोल झाला होता. आम्ही खूश होतो की अंग धरलं. ती सूज रक्तातले अल्ब्युमिन घटल्याची होती आणि गोल चेहरा स्टेरॉइडचा.

बाईंनी हिशेब मांडला. पन्नास किलो वजनाच्या धडधाकट बाईला दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम प्रथिने पुरतात. कातडी मोठ्या भागावर उघडी असेल तर किलोमागे दीड ते दोन ग्रॅम, म्हणजे पंचाहत्तर ते शंभर. तीन अंडी, तीन पेले दूध, त्यात दोन-तीन चमचे दुधाची पावडर, शंभर ग्रॅम कोंबडी आणि दोन वाट्या घट्ट डाळ, एवढे झाले की ऐंशीच्या आसपास पोहोचतो. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशेब बदलतो, म्हणून विचारूनच.) मग आम्ही कोंबडी मऊ शिजवून मिक्सरमध्ये यखनीबरोबरच वाटू लागलो, मीठ नावाला. डाळ-तांदळाची पातळ खिचडी, तीही वाटलेली. पूर्ण शिजवलेल्या अंड्याचा बलक दुधात कुस्करून. जवाच्या पिठाची तलबीना आमच्याकडे आजाऱ्याला करतातच, ती फार कामाला आली. फक्त मध गाळला, कारण स्टेरॉइडमुळे साखर वाढली होती.

सगळे कोमट, गार म्हटले तरी चालेल. मिरची, लिंबू, टोमॅटो बंद. पापड, टोस्ट, चिवडा तर नकोच, ते जखमेवर काचेसारखे लागतात. जेवणाआधी काही मिनिटे तोंड बधिर करणारे जेल लावायला डॉक्टरांनी दिले होते आणि ते आठ दिवस नुसतेच उशाशी पडले होते! ते लावल्यावर खालांनी पहिल्यांदा वाटीभर खिचडी संपवली. तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन तासांनी अर्धी वाटी. जिभेवर पांढरा थर दिसला तर तो बुरशीचा असू शकतो, लगेच दाखवावा. या औषधांनी रोगप्रतिकारशक्ती दबलेली असते, म्हणून कच्ची कोशिंबीर, कापून ठेवलेली फळे, न तापवलेले दूध टाळायचे. स्टेरॉइडने हाडे पोकळ होतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणूनच असतात, त्या 'ताकदीच्या' म्हणून वगळू नयेत.

घरी आल्यावर रमजान लागला. खालांनी गोळ्या बंद करून रोजा धरायचे ठरवले होते. बराच काळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबवले तर जिवावर बेतू शकते. आम्ही सांगून थकलो. शेवटी मशिदीतल्या इमामसाहेबांनी येऊन सूरह बकरामधली आजाऱ्यासाठीची सवलत समजावली, बरे झाल्यावर मोजून रोजे धरण्याची. खाला गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग माझी खिचडी आणा." ईदला शीरखुर्मा त्यांच्यासाठी वेगळा केला, खारीक गाळून, साखरेशिवाय. चव नाही म्हणाल्या, पण वाटी रिकामी केली.