लाल सिलिंडर, चार बोल्ट

भंडारा जिल्ह्यात पिकअपवर काय लादत नाहीत? तुमसरच्या बाजारात निघालेली धानाची पोती, लाखांदूरची भाजी, साकोलीकडची तणस, मधेच कुणाच्या लग्नाचा मंडप. पाच-दहा किलो जास्त झाले म्हणून कुणी कुरकुरत नाही. मग दोन किलोच्या फायर सिलिंडरलाच जागा का मिळू नये? त्याच्याविषयीच्या या काही चटपटीत गोष्टी.

पूर्वज तांब्या-पितळेचे
१८१८ मध्ये जॉर्ज मॅन्बी या ब्रिटिश कॅप्टनने तांब्याच्या भांड्यात पोटॅशचं पाणी आणि दाबलेली हवा भरून हाताने उचलता येणारं अग्निशामक बनवलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पायरीन कंपनीचा पितळी हातपंप मोटारींमध्ये दिसू लागला. भंडाऱ्याच्या भांडी कारागिरांनी त्याच्या घडणीला नक्कीच दाद दिली असती. आतला माल मात्र जहाल होता, कार्बन टेट्राक्लोराइड. आगीत तापला की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघायचा. म्हणजे आग विझायची, पण विझवणाऱ्याच्या जिवावर बेतायचं!

‘सी’ इथला वेगळा, तिथला वेगळा
आपल्याकडे ‘ए’ म्हणजे लाकूड, कापड, तणस. ‘बी’ म्हणजे डिझेल-पेट्रोल. ‘सी’ म्हणजे गॅस. अमेरिकेत मात्र ‘सी’ म्हणजे विजेची आग. तेव्हा परदेशी व्हिडिओ पाहून खरेदीला निघू नका. पिकअपसाठी दोन किलोचा एबीसी पावडरवाला सिलिंडर सोयीचा. त्यावर आयएसआयचा शिक्का आणि ‘आयएस १५६८३’ हा आकडा शोधा.

सगळा खेळ आठ-दहा सेकंदांचा
छोटा सिलिंडर एवढ्या वेळात रिकामा होतो. पिन ओढा, वाऱ्याकडे पाठ करा, ज्वाळांच्या शेंड्यावर नाही तर बुडाशी नेम धरा, दांडा दाबा आणि झाडू मारल्यासारखा डावीकडून उजवीकडे फिरवा. अर्धाच वापरला तरी रिफिल करावाच लागतो, कारण व्हॉल्व्हमध्ये पावडर अडकून उरलेला दाब हळूहळू निघून जातो.

सीओटूला काटा नसतो
पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो; तो भरलेला आहे की नाही हे वजन करूनच कळतं. शिवाय बंद केबिनमध्ये हा वायू गुदमरवतो. पिकअपला पावडरच बरी.

खड्ड्यांनी पावडर दबते
गाडीच्या सततच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते. महिन्यातून एकदा सिलिंडर उलटा करा आणि बुडावर तळहाताने थापा मारा. आत पावडर सरकल्याचं हाताला जाणवतं.

डॅशबोर्ड ही जागा नव्हे
बऱ्याच सिलिंडरांवर कमाल तापमान ५५ अंश लिहिलेलं असतं. विदर्भाच्या मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड ही मर्यादा सहज ओलांडतो. बॉनेटखाली तर नकोच, आग बहुधा तिथेच लागते. मागच्या हौद्यातही नको. पोत्यांखाली गेला की गेलाच.

मग बसवायचा कुठे?
ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पुढच्या कडेखाली, फरशीवर आडवा. बसल्या जागी हात पोचला पाहिजे आणि दार उघडून बाहेरूनही काढता आला पाहिजे. सिलिंडरसोबत मिळणारा भिंतीवरचा हुक गाडीत चालत नाही. पत्र्याचा ब्रॅकेट आणि झटक्यात सुटणारा पट्टा हवा. प्लास्टिकमध्ये स्क्रू पिळू नका. पत्र्यातून आरपार चार बोल्ट घ्या, खालून रुंद वॉशर आणि लॉक-नट लावा. ड्रिल चालवण्याआधी मात्र गाडीखाली वाकून बघा. तिथून डिझेलची नळी, ब्रेकचा पाइप किंवा वायरिंग जात असेल, तर दुरुस्ती सिलिंडरपेक्षा महाग पडेल. मोकळा ठेवलेला सिलिंडर घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली जातो, तो धोका वेगळाच.

बॉनेट सताड उघडू नका
धूर दिसला की इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा. बॉनेट पूर्ण उघडलं की आत हवा शिरते आणि भडका उडतो. बोटभर फटीतून किंवा खालून पावडर मारा. नंतर गॅरेजमध्ये ती साफ करून घ्या. ओल लागली की ही पावडर धातू खाते.

तणसीपुढे पावडर तोकडी
उंच भरलेली तणस लोंबणाऱ्या तारेला घासली की संपलंच. पावडर वरच्या ज्वाळा दाबते, पण आत धुमसणं चालूच राहतं; त्याला भरपूर पाणी लागतं. वेगात गाडी पळवली तर वारा आगीला फुंकर घालतो. गोठा आणि धानाच्या पुंजण्यांपासून दूर थांबा, उतरा आणि १०१ फिरवा. माल जाऊ द्या.

तपासणीची तारीख पाठच आहे
१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यात ६६ अग्निशमन जवान शहीद झाले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्याच दिवशी आंबेडकर जयंती, म्हणजे तारीख विसरायची सोयच नाही. त्या दिवशी काटा बघा, रिफिलची तारीख बघा, बोल्ट आवळा. आणि क्लीनरला डोळे मिटून सिलिंडर काढायला सांगा. चाचपडला, तर जागा बदला.