उलटा पेला आणि समुद्राचा तळ

पाण्याने भरलेल्या बादलीत पेला उलटा धरून सरळ खाली दाबला तर त्यात पाणी शिरत नाही. पेल्याच्या तळाशी खोचलेला कागदाचा बोळा कोरडाच राहतो. हवा जागा व्यापते हे दाखवण्यासाठी पाचवी-सहावीच्या वर्गात आपण सगळेच हा प्रयोग करतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. पण या पेल्यात कागदाच्या बोळ्याऐवजी माणसाचे डोके घातले तर?

हा प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. अंदमानात श्रीविजयपुरम (२०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर) समोरच्या नॉर्थ बे येथे हा प्रयोग रोज होतो. वीस रुपयांच्या जुन्या लाल नोटेवर माडांचे आणि दीपगृहाचे जे चित्र होते, ते याच परिसराचे. येथे पर्यटकाच्या डोक्यावर काचेची खिडकी असलेले एक मोठे शिरस्त्राण ठेवतात आणि त्याला शिडीवरून पाच-सहा मीटर खोल उतरवतात. तो वाळूवर चालतो, मासे व प्रवाळ पाहतो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी वर येतो. केस कोरडे, चष्मा नाकावर जसाच्या तसा. पोहता येण्याची अट नाही.

सेल्युलर जेल पाहायला महाराष्ट्रातून पुष्कळ मंडळी अंदमानला जातात. एका शिक्षकमित्राने आम्हाला मध्यंतरी पत्र पाठवले : ‘दहावीच्या सुटीत आमच्या शाळेतली काही मुले व पालक अंदमानला निघाले आहेत. बहुतेकांना पोहता येत नाही. माहितीपत्रकात लिहिले आहे की, पोहता न येणाऱ्यांनाही संपूर्ण सुरक्षित. पालक मला विचारतात, कारण मी विज्ञान शिकवतो. काय सांगू?’

आम्ही स्वतः तेथे उतरलो आहोत. तरीही ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देता आले नाही. मग त्यांना जे सविस्तर लिहिले, तेच येथे मांडत आहोत.

नुसती नळी का चालत नाही?

वर्गात हा विषय काढला की एखादा हुशार विद्यार्थी विचारतोच, ‘एवढी यातायात कशाला? लांब नळी तोंडात धरायची, दुसरे टोक पाण्याबाहेर ठेवायचे आणि श्वास घ्यायचा.’ उत्तर देण्याआधी एक प्रयोग करा. गवंडी लेव्हल पाहण्यासाठी वापरतात तसली स्वच्छ पारदर्शक नळी घ्या. एक टोक जमिनीवरच्या पाण्याच्या भांड्यात बुडवा, दुसरे टोक स्टुलावर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याच्या तोंडात द्या. गाल व जीभ न वापरता, केवळ श्वास आत घेऊन पाणी किती वर चढते ते मोजा. मीटरभर चढवताना भल्याभल्यांची दमछाक होते. आपल्या छातीचे स्नायू फार तर एवढाच दाबाचा फरक निर्माण करू शकतात आणि तोही क्षणभर.

आता हिशोब पाहा. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पाच मीटरवर पाण्यामुळे वाढलेला दाब झाला अर्धे वातावरण, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्धा किलो. छातीचा पुढचा भाग २५ सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच धरला तर त्यावर पावणेचारशे किलोंचा जादा भार आला. नळीतून येणारी हवा मात्र एकाच वातावरणाच्या दाबाची. एवढा भार उचलून छाती फुगवणे कोणालाही शक्य नाही. म्हणूनच पोहताना वापरायच्या श्वसननळ्या आखूडच असतात.

उपाय एकच. फुप्फुसात जाणारी हवाही दीड वातावरण दाबाची हवी. मग आतला व बाहेरचा दाब सारखा होतो आणि श्वास सहज चालतो. शिरस्त्राणात नेमके हेच होते. ते खालून उघडे असते, त्यामुळे आतल्या हवेचा दाब आपोआप हनुवटीजवळच्या पाण्याच्या दाबाएवढा राहतो. ना झडप फिरवावी लागते, ना दाबमापक पाहावा लागतो. या साधेपणामुळेच नवख्या माणसाला ते वापरता येते.

पंपाची दोन कामे

बॉइलचा नियम येथे लगेच कामाला येतो. शिरस्त्राणाचे आतले आकारमान ३० लिटर समजू. नुसतेच ते पाच मीटर खाली नेले तर दाब दीडपट होईल, हवा आकसून २० लिटर होईल आणि एक तृतीयांश शिरस्त्राण पाण्याने भरेल. पाणी नाकापर्यंत आलेच म्हणून समजा. म्हणून होडीवरचा पंप नळीतून सतत हवा पुरवतो. गरजेपेक्षा जास्त झालेली हवा खालच्या कडेने बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाते. उलट्या पेल्याखाली नळी घालून फुंकर मारा, म्हणजे हे चित्र बादलीतच दिसेल.

दुसरे काम म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड धुऊन काढणे. हळू चालणारा माणूस मिनिटाला सुमारे ०.८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. पंप मिनिटाला १२० लिटर हवा देत असेल तर आतले प्रमाण पाऊण टक्क्याच्याही खाली राहते. मात्र दाब दीडपट असल्याने शरीरावरचा परिणामही दीडपट, म्हणजे एक टक्क्याएवढा होतो. जे. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीस ब्रिटिश आरमाराच्या पाणबुड्यांचा अभ्यास करताना हेच दाखवून दिले. खोलीवर त्यांना धाप लागे ती दाबामुळे नव्हे, तर अपुऱ्या हवेमुळे साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे.

पंप बंद पडला तर? बहुतेक जण म्हणतील, प्राणवायू संपेल. हिशोब वेगळे सांगतो. डोक्याचे आकारमान वजा जाता आत २५ लिटर हवा असते, पृष्ठभागावरच्या मापाने साडेसदतीस लिटर. दोन मिनिटांत साधारण दोन लिटर ऑक्सिजन खर्च झाला तरी वाढलेल्या दाबामुळे शरीराला मिळणारा ऑक्सिजन नेहमीच्या हवेपेक्षा किंचित जास्तच असतो. पण तेवढ्या वेळात कार्बन डायऑक्साइड चार टक्क्यांवर जातो आणि दीडपट दाबाने त्याचा परिणाम सहा टक्क्यांहून अधिक होतो. जोराची धाप, डोकेदुखी आणि घबराट सुरू होते. म्हणजे हाताशी दोन-एक मिनिटेच आहेत. पाच मीटर वर यायला तेवढी पुरतात, पण जवळ जाणता मदतनीस असेल तरच.

आणखी एक बारकावा. नळी होडीजवळ तुटली तर शिरस्त्राणातली दीड वातावरण दाबाची हवा नळीवाटे उलटी वर धावेल आणि पाणी आत चढेल. म्हणून नळी शिरस्त्राणाला जोडते तेथे एकदिशा झडप असलीच पाहिजे.

वजन कशासाठी?

ही शिरस्त्राणे तीस ते चाळीस किलो वजनाची असतात. शिडीवर ती खांद्यावर ठेवतात तेव्हा माणूस वाकतो, पाण्यात शिरताच हलका होतो. ३० लिटर आकारमानाचे शिरस्त्राण जवळजवळ ३१ किलो समुद्राचे पाणी बाजूला सारते. तेवढे उत्प्लावक बल ते वर ढकलते. शिरस्त्राण ३५ किलोंचे असेल तर खांद्यावर चारच किलो उरतात. ते हलके असते तर डोक्यावरून निसटून वर गेले असते. शिवाय आपले डोके आता हवेत असते. पाण्याचा आधार सुटल्याने त्याचे चार-पाच किलो वजन आपल्याला तळावर टेकवून ठेवते.

शिरस्त्राण शरीराला घट्ट बांधलेले नसते. ते केवळ वजनाने बसलेले असते. म्हणून शंख उचलायला कमरेतून वाकायचे नाही, गुडघ्यातून खाली बसायचे. पेला तिरका केला की काय होते, ते मुलांनी पाहिलेलेच आहे.

कान आणि छाती

इथवर सारे यंत्राचे. खरा धोका शरीरातल्या हवेच्या पोकळ्यांना असतो आणि तो पहिल्या काही मीटरांतच सर्वात जास्त असतो. पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो. तेथून पुन्हा दुप्पट व्हायला तीस मीटर गाठावे लागतात.

कानाच्या पडद्यामागची पोकळी घशाला एका अरुंद नलिकेने जोडलेली असते. ती उघडली नाही तर दोन मीटरवरच पडद्याला सुमारे सव्वाशे ग्रॅम भाराएवढा रेटा बसतो. आवंढा गिळून किंवा शिरस्त्राणाखालून हात घालून नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारल्यास नलिका उघडते. हे शिडीच्या दर दोन-तीन पायऱ्यांना करायचे, दुखू लागण्याआधी. सर्दी असेल तर नलिका सुजलेली असते आणि उघडत नाही.

आमच्या गटातले एक गृहस्थ सर्दी असताना उतरले. सूचना मिळाल्या त्या होडीच्या इंजिनाच्या गोंगाटात, दोन मिनिटांत. कान दुखत होता, पण पैसे भरले आहेत आणि मागे रांग आहे, म्हणून त्यांनी ‘वर न्या’ अशी खूण केली नाही. संध्याकाळी त्यांना त्या कानाने ऐकू येईना. पडद्याला इजा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि तो बरा व्हायला काही आठवडे लागले.

वर येतानाचा धोका याहून गंभीर आहे. पाच मीटरवर फुप्फुसात घेतलेली चार लिटर हवा पृष्ठभागावर सहा लिटर होते. श्वास चालू असेल तर जादा हवा सहज बाहेर पडते. पण घाबरून श्वास रोखला तर ती फुप्फुसाचे नाजूक पापुद्रे फाडून रक्तात शिरू शकते. भरल्या छातीने श्वास रोखून मीटर-दीड मीटरवरून वर आल्यानेही अशी इजा होऊ शकते. गंमत अशी की, पाण्यात श्वास रोखावा हेच आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. विहिरीत बुडी मारणाऱ्याला ते योग्यच आहे, कारण तो पृष्ठभागावरची हवा घेऊन जातो. ती खाली आकसते आणि वर येताना पूर्ववत होते. तळाशी दाबाखालची हवा घेणाऱ्याला मात्र नियम उलटा : श्वास कधीही रोखायचा नाही.

जुनीच युक्ती

ही कल्पना नवी नाही. धूमकेतूमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या एडमंड हॅलीने १६९१ साली पाणघंटा तयार केली. हवेने भरलेली वजनदार पिंपे घंटेच्या खाली सोडून तो तिच्यात ताजी हवा घेई. १८२३ साली चार्ल्स डीन याने धुराने भरलेल्या जागी शिरण्यासाठी शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. पुढे त्याने व त्याचा भाऊ जॉन याने तेच पाण्यात वापरले. ते खालून उघडे होते आणि पाणबुड्या आडवा पडला की पाणी आत येई. ऑगस्टस सीबने ते बंद पोशाखाला जोडल्यावर व्यावसायिक पाणबुड्यांनी उघडे शिरस्त्राण हळूहळू मागे टाकले. विल्यम बीब या प्राणिशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात उथळ समुद्रातले जीव पाहण्यासाठी ते पुन्हा वापरले. बर्म्युडा बेटावर १९४० च्या दशकाच्या अखेरीस पर्यटकांना असे चालवणे सुरू झाले.

पत्राचे उत्तर

मित्राला आम्ही लिहिले : ‘पोहण्याची गरज नसणे ही एक गोष्ट आणि पोहता न येणाऱ्याला धोका नसणे ही दुसरी. माहितीपत्रकाने दोन्ही एक करून टाकल्या आहेत. काही बिघडले तर पोहणारा स्वतः वर येईल, न पोहणारा सर्वस्वी मदतनीसावर अवलंबून असेल. म्हणून उतरण्यापूर्वी विचारा : प्रत्येक मदतनीसाकडे किती जण? पंप बंद पडल्यास हवेचा दुसरा साठा आहे का? पंपाचे हवा घेणारे तोंड इंजिनाच्या धुरापासून दूर आहे का? खुणांचा सराव किनाऱ्यावर करून घेतात का? उत्तरे समाधानकारक नसतील तर पैसे गेले तरी चालतील. सर्दी, दमा किंवा कानाचे दुखणे असलेल्याला उतरवू नका. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की, मध्येच परत येण्यात कमीपणा नाही.’

एक गोष्ट प्रवाळाबद्दलही लिहिली. प्रवाळ हे सजीव आहेत. त्यांचे भरीव प्रकार वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. एका पावलाने मोडलेला तुकडा भरून यायला वर्षे लागतात. अंदमानातल्या प्रवाळांनी २०१० साली समुद्र तापल्यामुळे मोठा आघात सोसला आहे. तेव्हा चालायचे ते वाळूवरूनच.

मित्राने सहलीपूर्वी एक तास खास या विषयासाठी ठेवला. बादली, पेला, नळी आणि बॉइलचा नियम. शेवटी मुलांना त्याने एक प्रश्न घातला, तो तुम्हीही आपल्या वर्गात घालून पाहा : पाच मीटर खोलीवर शिरस्त्राणातल्या हवेने एक फुगा भरून घट्ट बांधला आणि सोडून दिला, तर वर येईपर्यंत त्याचे काय होईल? आणि फुगा न बांधताच सोडला तर? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला स्वतःहून सांगता आले, त्याला श्वास का रोखायचा नाही हे कळले असे समजावे.