मोठी मोटारसायकल विकली, त्याची गोष्ट आणि हिशेब

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये एक लालभडक होंडा गोल्डविंग उभी असायची, ती आमची. आरती संपली की पोरंटोरं तिच्यावर चढून फोटो काढून घ्यायची. गेली दोन वर्षं ती दिसत नाही, म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं, "काय हो, मोटारसायकल सोडलीत की काय?" सोडली नाही, बदलली. त्यावर संपादक म्हणाले, "मग लिहा की, पन्नाशी-साठीतले चालवणारे आपल्यात पुष्कळ आहेत." म्हणून हा लेखनप्रपंच.

पुण्यात कॉलेजात असताना थोरल्या भावाची राजदूत चोरून चालवायचो, तेव्हापासून हे वेड. १९८४ साली इकडे आलो आणि पुढची वीस-बावीस वर्षं घर, नोकरी, मुलं यांतच गेली. २००६ साली मुलगी कॉलेजात गेल्यावर गोल्डविंग घेतली. १८३२ सी.सी.चं सहा सिलिंडरचं इंजिन, रेडिओ, मागे घेण्यासाठी रिव्हर्स गिअर, आणि मागे आमच्या सौ.साठी पाठ टेकायला, हात ठेवायला जागा असलेलं सिंहासनच. व्हर्जिनियातला स्कायलाइन ड्राइव्ह आम्ही तिच्यावर दोनदा केला. हेल्मेटमधल्या माइकवरून सौ.च्या सूचना अखंड चालू असायच्या. खरं सांगायचं तर घरात आम्ही जितकं बोलत नाही तितकं त्या गाडीवर बोललो.

ती गाडी पेट्रोल भरून सुमारे ९०० पौंड, म्हणजे ४०० किलोहून जास्त. चालू असताना हे वजन जाणवतसुद्धा नाही. जाणवतं ते ताशी शून्य मैल वेगाला. गाडी सरळ उभी असेल तर दोन बोटांनी तोलता येते. पण थोडी कलली की दर अंशागणिक भार हातावर येऊ लागतो, आणि एका मर्यादेपुढे ती धरून ठेवणं कोणाच्याच हाताबाहेरचं काम असतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पेट्रोल पंपावर नेमकं हेच झालं. उतार होता, वर ओली पानं पडलेली. मी डावा पाय टेकला आणि तो सरकला. सौ. नुकतीच उतरली होती, हे आमचं नशीब. गाडी हळूच, एखाद्या म्हशीनं बसकण मारावी तशी आडवी झाली. गोल्डविंगला दोन्ही बाजूंना संरक्षक दांडे असतात, त्यामुळे ती पूर्ण लोळत नाही आणि माझा पाय वाचला. पण मला वाटली लाज! चार लोक बघताहेत म्हणून मी वाकून, हँडल धरून, खांद्याच्या जोरावर ती उचलायला गेलो. खांद्यात काहीतरी कट्‌कन वाजलं. शेवटी पंपावरच्या दोन तरुणांनी ती उभी केली.

खांद्याचा रोटेटर कफ फाटला होता. शस्त्रक्रिया, सहा आठवडे हात झोळीत, आणि पुढे पाच महिने फिजिकल थेरपी. या वयात हे स्नायुबंध आधीच झिजलेले असतात. एक चुकीचा हिसका पुरतो. आमची लेक स्वतः फिजिकल थेरपिस्ट आहे. ती म्हणाली, "बाबा, गाडी पडली म्हणून नाही, तुम्ही चुकीची उचललीत म्हणून हे झालं." मग तिनंच पद्धत दाखवली. आधी इंजिन बंद करायचं. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा. मग गाडीकडे पाठ करून, सीटच्या कडेला बूड टेकवून बसल्यासारखं व्हायचं, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागचा दांडा धरायचा, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर लहान पावलं टाकत मागे सरकायचं. ज्यांना मोठी गाडी ठेवायचीच आहे त्यांनी हे गॅरेजमध्ये जुन्या चादरीवर, मदतीला माणूस घेऊन, एकदा करून पाहावं. जमलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

त्या पाच महिन्यांत वाचायला वेळ मिळाला. अमेरिकेत दर मैलामागे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूची शक्यता मोटारीतल्या माणसाच्या वीस पटीहून अधिक असते. वय वाढलं की तसाच अपघात महाग पडतो. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत साठीच्या पुढचे स्वार जखमी झाल्यावर हॉस्पिटलात दाखल व्हायचं प्रमाण विशी-तिशीतल्यांच्या तिप्पट आढळलं. हाडं ठिसूळ, बरगड्या लवकर मोडणाऱ्या, आणि आधीचे आजार. आपल्या लोकांत मधुमेह घरोघरी. तो जुना झाला की तळपायाची संवेदना कमी होते. ब्रेकवर पाय किती दाबला, जमीन नीट टेकली की नाही, हेच कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला बसलेला साधा मारही जिवावर बेतू शकतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. माझ्या डॉक्टरांनी मला एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगितलं. उजव्यावर राहिलो, डाव्यावर सात सेकंदांत भिंत धरली. गाडी थांबवताना मी टेकतो तो पाय डावाच.

लेकीचं म्हणणं होतं, सोडाच. सौ. काहीच बोलली नाही, आणि ते जास्त बोचलं. डॉक्टर मात्र म्हणाले, "खांदा बरा झालाय. नजर, साखर ठीक आहे. कमी वजनाची, दोन्ही टाचा टेकतील अशी, दिवसाउजेडी चालवा."

मग शोध सुरू झाला. इथे एक गैरसमज सांगतो. क्रूझर म्हणजे आरामखुर्ची असं आपल्याला वाटतं. पण पाय फार पुढे ताणून बसलं की सगळा भार माकडहाडावर येतो आणि खड्ड्याचा दणका सरळ कण्यात. ज्यांची कंबर दुखते त्यांनी शोरूममध्ये दोन मिनिटं नव्हे, वीस मिनिटं बसून पाहावं. मी होंडाची रेबेल ५०० पाहिली. सव्वासत्तावीस इंचांवर सीट, वजन गोल्डविंगच्या निम्म्याहून कमी, पण मला टर्नपाइकसाठी थोडी लहान वाटली. शेवटी कावासाकीची व्हल्कन एस घेतली, २०१९ची, वापरलेली. ६४९ सी.सी., सुमारे ५०० पौंड, सीट अठ्ठावीस इंचांच्या आत. हिचे पायाचे खुंट मागेपुढे बसवता येतात, ही माझ्या गुडघ्याला पटलेली गोष्ट.

आता पैशाचं. डीलरनं गोल्डविंगचे बदलीत ४,५०० डॉलर देऊ केले. न्यू जर्सीत बदलीची रक्कम वजा करून उरलेल्यावर विक्रीकर लागतो, दर ६.६२५ टक्के, म्हणजे ४,५०० वर २९८ डॉलर वाचले असते. मी ती स्वतः जाहिरात देऊन ६,२०० ला विकली. फरक १,७००, त्यातून २९८ गेले तरी १,४०० डॉलर हाती राहिले. त्यासाठी तीन रविवार लोकांना चहा पाजावा लागला, हे सोडून द्या. परक्या माणसाला चालवून बघायला देताना पूर्ण रक्कम आधी हातात ठेवावी आणि त्याचं मोटारसायकलचं लायसन्स पाहावं. नवी गाडी ६,००० ला पडली, कर वेगळा. डीलरकडे जाहिरातीतल्या किमतीला भुलू नका. वाहतूक, जोडणी, कागदपत्रं यांचे आकडे मिळवून दारातून बाहेर पडतानाची एकूण किंमत लेखी मागा.

विम्याचा हप्ता वर्षाला ६१० वरून ३४० वर आला. पण हप्त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मला माझ्या शस्त्रक्रियेच्या बिलानं शिकवली. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमध्ये मोटारीच्या विम्यात जखमीच्या औषधोपचाराची जी सोय असते, ती मोटारसायकलस्वाराला लागू नाही. सतरा वर्षं मी हप्ता भरला आणि हे मला ठाऊक नव्हतं! खर्च आपल्या आरोग्य विम्यावर येतो. मेडिकेअरवाल्यांनीही ध्यानात ठेवावं, पार्ट बी मध्ये डिडक्टिबलनंतरचे २० टक्के आपल्याच खिशातून, पूरक विमा नसेल तर. म्हणून मोटारसायकलच्या पॉलिसीत विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या मोटारवाल्यासाठीचं कलम चांगल्या रकमेचं घ्या. तिथे वाचवलेले चाळीस-पन्नास डॉलर फार महाग पडतात. आणखी एक. भारतातून आलेल्या भाच्याला, मेहुण्याला हौसेनं मागे बसवण्याआधी त्याचा प्रवासी विमा वाचा. बऱ्याच पॉलिसींत मोटारसायकलचा अपघात वगळलेला असतो.

गाडी लहान म्हणजे सोपी, असं समजून पहिल्या दिवशी निघालो आणि फजिती झाली. गोल्डविंगचे ब्रेक जोडलेले असतात; पायाचा दाबला तरी पुढच्या चाकालाही लागतो. व्हल्कनचे वेगवेगळे. सतरा वर्षांच्या सवयीनं मी फक्त पाय दाबला आणि स्टॉप साइनच्या पुढे सहा फूट जाऊन थांबलो. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, हे हाताला पुन्हा शिकवावं लागलं. मोठ्या गाडीच्या काचेआड वारा लागत नव्हता. इथे ट्रक बाजूनं गेला की गाडी अख्खी हलते. तिथे इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद व्हायचा, इथे बंद करावा लागतो. तो विसरला तर समोरच्या गल्लीतला मोटारवाला समजतो की आपण वळणार, आणि निर्धास्त पुढे येतो. घाबरून मी मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा एक दिवसाचा, आपल्याच गाडीवर करायचा कोर्स केला. वर्गात सर्वांत म्हातारा मीच. काही विमा कंपन्या त्यावर सवलतही देतात. साखळीला मात्र दर पाचेकशे मैलांनी तेल द्यावं लागतं. गोल्डविंगला साखळीच नव्हती.

सगळा हिशेब जमला, एक सोडून. व्हल्कनची मागची सीट म्हणजे दोन पुस्तकांएवढी गादी. सौ. एकदा बसली, आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत आली आणि उतरून म्हणाली, "अहो, तुम्ही जा. मला नाही जमायचं." मी म्हटलं, पाठीला टेकण बसवून घेऊ. तीनशे डॉलरला बसवलंही. तरी ती बसली नाही. ते काढून गॅरेजात ठेवलं आहे, कोणाला हवं असल्यास मंडळाच्या नोटीस बोर्डवर चिठ्ठी लावतो.

त्या उन्हाळ्यात मी एकटाच जायचो आणि तासाभरात परत यायचो. मजा येत नव्हती, आणि ते कबूल करायला मला सप्टेंबर उजाडला. मग एका रविवारी सौ.नं थालीपिठं बांधली आणि मोटारीची किल्ली उचलली. "तुम्ही पुढे व्हा, मी मागनं येते. फ्रेंचटाउनला भेटू." लॅम्बर्टव्हिलपासून डेलावेअर नदीच्या काठानं रूट २९ वर मी पुढे, ती मागे. स्टॉकटन गेलं, आणि हेल्मेटमधला फोन वाजला.

"अहो, डावा इंडिकेटर अजून चालूच आहे."