आधी निवड, मग सजावट

व्हिडिओ एडिटिंग शिकायला बसलेली बरीच मंडळी उलट्या टोकाने सुरुवात करतात. सॉफ्टवेअर उघडलं की ट्रान्झिशन, इफेक्ट, झगमगती शीर्षकं खुणावू लागतात आणि सगळा वेळ तिथेच जातो. प्रेक्षकाला धरून ठेवणारे निर्णय मात्र वेगळेच असतात : काय ठेवायचं, कशानंतर काय आणायचं आणि ते ऐकू कसं येणार. संकलन म्हणजे मुळात निवड. १९७९च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’साठी २३० तासांहून अधिक चित्रीकरण झालं होतं, पडद्यावर आले जेमतेम अडीच तास. त्या चित्रपटाच्या संकलकांपैकी एक असलेल्या वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटचे सहा निकष सांगितले आहेत. त्यांत सर्वांत वर भावना, मग कथा, मग लय. जागेचं तांत्रिक सातत्य अगदी शेवटी. घरच्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यालाही हाच क्रम उपयोगी पडतो.

समजा, येवल्यातल्या एका पैठणी विणकराची तासाभराची मुलाखत आणि मागावरची दृश्यं हाती आहेत, आणि त्यातून दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजायलाच हवेत असं नाही. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. कॉम्प्युटर बेताचा असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह वापरावं. सगळं फुटेज आधी एका फोल्डरमध्ये ठेवावं आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. एडिटिंगचं सॉफ्टवेअर सहसा मूळ फाइलला हात लावत नाही. कुठून कुठपर्यंतचा भाग दाखवायचा, एवढ्या सूचनाच प्रोजेक्टमध्ये साठतात. म्हणून कितीही कापाकापी केली तरी मूळ चित्रीकरण शाबूत राहतं. पण मध्येच फोल्डर हलवला तर सॉफ्टवेअरला क्लिप सापडत नाहीत. फोनच्या फुटेजची आणखी एक अडचण असते. अनेक फोन दर सेकंदाला नेमक्या सारख्याच फ्रेम टिपत नाहीत, त्यामुळे लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ शकते. हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅममधून फ्रेम रेट स्थिर करून घेतला की हा त्रास टळतो.

यानंतरचा टप्पा सर्वांत कंटाळवाणा वाटतो आणि व्हिडिओचं भवितव्य तिथेच ठरतं : सगळं फुटेज शांतपणे पाहणं. मुलाखत ऐकताना जी वाक्यं मनात राहतात, ती आधी टाइमलाइनवर ओळीने लावावीत. हा बोलण्याचा कणा तयार झाला की दृश्यांची जागा आपोआप कळते. वाक्य मध्ये कापलं की बोलणाऱ्याचा चेहरा झटका बसल्यासारखा उडी मारतो; तिथे धोट्यावरचा हात किंवा जरीचा पदर दाखवला की सांधा झाकला जातो आणि अर्थही वाढतो. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी जोडला, तेव्हा प्रेक्षकांना त्यात वेगवेगळ्या भावना दिसल्या, असं सांगितलं जातं. अर्थ दोन शॉटच्या शेजारात तयार होतो, तो असा.

अशी कच्ची जुळणी, म्हणजे रफ कट, पक्की झाल्यावर आधी आवाज हाती घ्यावा. थोडं धूसर चित्र प्रेक्षक चालवून घेतो, न कळणारं बोलणं नाही. बोलण्याची पातळी सर्वत्र सारखी हवी, संगीत त्याच्या बरंच खाली. मागाचा खटखट आवाज चित्राच्या क्षणभर आधी सुरू केला तर कट जाणवतही नाही. मग रंग. इथे जबाबदारी आहे : पैठणीचा रंग भडक करून दाखवला तर विणकराच्या कामाविषयीच खोटं सांगितलं जातं. म्हणून उजेड आणि पांढरा रंग नीट करून थांबावं. शीर्षकं शेवटी, जोडाक्षरं फुटत नाहीत ना, हे नक्की पाहावं. फाइल बाहेर काढताना १०८० रेझोल्यूशन, एच.२६४ आणि सेकंदाला ८ मेगाबिट ठेवले, तर दहा मिनिटांना साधारण ६०० मेगाबाइट लागतात. ती फाइल अथपासून इतिपर्यंत एकदा पाहिल्याशिवाय कुणाला पाठवू नये.

यावर आक्षेप येतो की, आजचा प्रेक्षक अधीर आहे. त्याला वेग हवा, इफेक्ट हवेत. वेग हवा हे खरं, पण तो निवडीतूनच येतो. तीस सेकंदांच्या व्हिडिओत एक निरर्थक वाक्यही परवडत नाही, म्हणजे तिथे निवड अधिक कठोर लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : बोलण्याचा मजकूर उतरवून रिकाम्या जागा आपोआप कापणारी साधनं आली आहेत, मग माणसाने एवढा वेळ का घालवावा? तासाभराच्या मुलाखतीत एखादं वाक्य शोधायला ही साधनं खरोखर मोलाची आहेत, ती जरूर वापरावीत. पण मजुरीचा प्रश्न विचारल्यावर विणकर उत्तराआधी थांबतो, ती यंत्राच्या लेखी रिकामी जागा आहे आणि प्रेक्षकाच्या लेखी अर्धं उत्तर. ती ठेवायची की कापायची, हे त्या माणसाचं म्हणणं समजून घेतलेल्यानेच ठरवायला हवं. म्हणून नवशिक्याने स्वतःला एक कसोटी लावावी : संगीत, शीर्षकं आणि इफेक्ट बंद करून व्हिडिओ पाहावा. तसाही तो शेवटपर्यंत पाहावासा वाटला, तर सजावटीला हात घालावा; नाही वाटला, तर पुन्हा फुटेजकडे जावं.