मुलीच्या पाठीकडे एकदा नीट बघा

मैत्रिणींनो, मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली, की आपण तिच्या उंचीकडे, केसांकडे, प्रगतिपुस्तकाकडे बघतो. पाठ मात्र नजरेआड होते, कारण ती आता आपली आपण न्हाते. मग कधीतरी शिंपी माप घेताना म्हणतो, "ताई, हिचा एक खांदा खाली आहे," आणि आपल्या पोटात धस्स होतं.

शाळेत शिकवताना अशा एखाद्या मुलीच्या आईशी बोललं, की उत्तर ठरलेलं, "दप्तराच्या ओझ्यानं झालं असेल. नीट बसत नाही ना!" दप्तर हलकं हवंच, पण कण्याला असा बाजूला बाक येतो तो त्यामुळे नव्हे. बहुतेक मुलींमध्ये त्याचं नेमकं कारण सापडतच नाही. तेव्हा मुलीला रागवू नका, स्वतःलाही बोल लावू नका.

घरी पाहायची रीत सोपी आहे. मुलीला पाय जुळवून उभं करा. गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळवे जुळवून कमरेतून पुढे वाकू दे. मागून बघा. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

डॉक्टर उभ्यानं एक्स-रे काढून बाकाचा कोन मोजतात. १० ते २५ अंशांपर्यंत बहुधा नुसतं लक्ष ठेवतात. वाढीच्या वयात दर चार-सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. २५ ते ४० अंश असून उंची वाढायची असेल, तर ब्रेस, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा पट्टा देतात. शस्त्रक्रियेचा विचार साधारण ४५-५० अंशांपुढे.

ब्रेसचं मुख्य काम बाक वाढू न देण्याचं. अमेरिका व कॅनडातल्या मुलामुलींचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ब्रेस वापरणाऱ्या शंभरांतल्या ७२ जणांचा बाक शस्त्रक्रियेच्या हद्दीपर्यंत गेला नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ होतं. रोज सरासरी १३ तासांहून अधिक वापरणाऱ्यांत तर यश नव्वदीपार! म्हणजे पट्टा कपाटात ठेवून उपयोग नाही. आत सुती, बिनशिवणीचा बनियन घाला. घामाच्या दिवसांत तो बदला आणि कातडी लाल होते का बघा.

व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून तिच्या बाकाप्रमाणेच शिकवून घ्या. जर्मनीच्या काटारिना श्रॉट यांनी १९२०च्या दशकात बसवलेले श्वासाचे नि ताणाचे व्यायाम आजही शिकवतात. पोहणं, योगासनं चांगलीच; पण ब्रेसची जागा ती घेत नाहीत. चोळून, मालिश करून कणा सरळ होत नाही.

आता मनातलं बोलते. "बोभाटा झाला तर उद्या लग्न कसं जमायचं?" म्हणून कितीतरी घरांत हे झाकून ठेवतात. पण पाळी सुरू झाल्यावर साधारण दोन वर्षांत उंची वाढणं थांबत येतं, आणि ब्रेसचा उपयोग तेवढ्याच काळात! लपवण्यात वर्ष घालवलं, तर ते परत मिळत नाही. उलट सौम्य बाक असलेल्या मुली खेळतात, नोकरी करतात, संसार करतात, त्यांची बाळंतपणंही नीट होतात.

तेव्हा येत्या रविवारी, केस धुवायच्या निमित्तानं का होईना, लेकीची पाठ बघाच.